चिनी सून, चिनी जावई आणि आपले कायदे

आपल्या मंडळाच्या घरांतून आता चिनी सुना आणि जावई येऊ लागले आहेत. अशा लग्नाची भारतात नोंद होते का, असे आम्हां कार्यकर्त्यांना विचारले जाते. होते, पण ही सोय सहज झालेली नाही.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. १९४१ मध्ये तेथेच त्यांनी परिचारिका कुओ छिंगलान यांच्याशी लग्न केले. मुलाचे नाव ठेवले यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी डॉक्टर वारले, तेव्हा मूल तान्हे होते.

हेच लग्न त्या काळी मुंबईत नोंदवायचे असते तर? १८७२ च्या कायद्यानुसार आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध वगैरे कोणीच नाही, असे दोघांना लिहून द्यावे लागे. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना धर्म न सोडता आपसात लग्न करता येऊ लागले. मात्र असा मुलगा एकत्र कुटुंबातून विभक्त झाला असे धरले जाई, आणि दुसरा मुलगा हयात नसेल तर बापाला दत्तक घेण्याचा हक्क मिळे. पोटचा मुलगा जिवंत असताना दत्तक!

१९५४ च्या विशेष विवाह कायद्याने धर्माची अट आणि दत्तकाचे कलम दोन्ही गेली. विभक्त होण्याचे कलम मात्र राहिले. दोघेही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर १९७६ पासून ते लागू नाही. जोडीदार यांपैकी नसेल तर आजही आहे. हिस्सा बुडत नाही, पण कुटुंबापासून वेगळे झाल्यासारखे धरतात. गावाकडे शेती किंवा वाडा एकत्र असेल त्यांनी वकिलाला आधी विचारावे.

लग्न परदेशात झाले आणि दोघांपैकी एक जण भारतीय नागरिक असेल, तर १९६९ च्या परदेशी विवाह कायद्याखाली वकिलातीतील विवाह अधिकाऱ्याकडे नोंद करता येते. चीनमध्येच लग्न करायचे तर दोघांनी नोंदणी कचेरीत समक्ष जावे लागते. वर २२ वर्षांचा आणि वधू २० वर्षांची पूर्ण हवी, आणि आपल्या बाजूने अविवाहित असल्याचा दाखला लागतो. कार्यालय आणि जेवणावळ ठरवण्याआधी हा दाखला मागवावा, एवढेच आमचे सांगणे.