घशातलं गिलोटिन

मित्राच्या आजोबांचा भाईंदर पश्चिमेला दवाखाना होता. ते गेल्यावर जागा रिकामी करायची होती, म्हणून मे महिन्यातल्या एका रविवारी मी मदतीला गेलो. कपाटात काचेच्या सिरिंजा, त्या उकळायचा डबा, आणि तळाशी कापडात गुंडाळलेलं एक अवजार. वीतभर लांब. एका टोकाला लांबट कडी, कडीच्या खाचेतून सरकणारं पातं, दुसऱ्या टोकाला बोटं अडकवायची मूठ. मला वाटलं, सुपारी कातरायचं काहीतरी असेल. काकू म्हणाल्या, "अरे, टॉन्सिल कापायचं आहे ते. इथे कधी वापरलं नाही त्यांनी."

घरी येऊन बाबांना फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल लगेच परत दिला.

बाबा सात वर्षांचे होते तेव्हाची, म्हणजे १९७१ची गोष्ट. त्यांचा घसा सारखा धरायचा. आजोबा त्यांना घेऊन तालुक्याच्या गावी निघाले तेव्हा धाकट्या काकांनाही बरोबर घेतलं. काकांना काहीच त्रास नव्हता, पण पुढे झालाच तर पुन्हा एसटीचा खर्च नको. एकाच सकाळी दोघांचे टॉन्सिल काढले. बाबांना आठवतं ते एवढंच: नाकावर गोड वासाचं फडकं, मग तोंडभर रक्त, आणि कबूल केलेलं आइस्क्रीम गिळता न येणं. साठीच्या घरात आलेले काका आजही म्हणतात, "माझे कशाला कापले रे?"

प्रश्न रास्त होता. मी त्याच्या मागे लागलो.

हे अवजार रूढ केलं ते फिलाडेल्फियाच्या फिलिप सिंग फिजिक या शल्यचिकित्सकाने, १८२८मध्ये. त्याआधी तो सुजलेल्या टॉन्सिलला तारेचा फास लावून ठेवायचा; रोग्याचे फार हाल व्हायचे. पडजीभ कापायचं सरकत्या पात्याचं अवजार युरोपात आधीपासून होतं. फिजिकने तेच टॉन्सिलसाठी बेतून घेतलं. १८३२मध्ये फानेस्टॉकने त्याला सुई जोडली, म्हणजे कापलेला तुकडा घशात न पडता सुईवर अडकून बाहेर येईल. पुढे लंडनच्या मोरेल मॅकेंझीने ते आणखी दणकट केलं. टॉन्सिल कडीत घ्यायचा, अंगठ्याने पातं ढकलायचं, की झालं. भूल द्यायला इथाइल क्लोराइड हाती आल्यावर तर मूल शुद्धीवर यायच्या आत दोन्ही बाजू उरकायच्या.

पडजीभ कापण्याची गोष्ट आपल्याकडे याहून फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेची मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने काढलेली प्रत वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादित केली होती. तिच्या चिकित्सास्थानात गलशुंडी, म्हणजे सुजून लोंबणारी पडजीभ, कशी कापायची ते सांगितलंय. चिमटीत धरून ती जिभेवर ओढून घ्यायची आणि मंडलाग्र नावाच्या, गोल टोकाच्या शस्त्राने छेदायची. पण फक्त तिसरा भाग. जास्त कापली तर रक्त वाहून रोगी दगावतो. कमी कापली तर सूज राहते, लाळ गळते, भोवळ येते. मग जखमेवर मिरी, अतिविष, वेखंड वगैरे मध-सैंधवात कालवून चोळायचं. (आमची आजी न कापताच, अंगठ्याला हळद-मीठ लावून पडजीभ वर दाबायची. मी तिचा अंगठा चावलेला आहे.)

मंडलाग्राला कडी नाही, अडसर नाही. किती कापायचं ते हाताने ठरवायचं, म्हणूनच ग्रंथाला 'किती' यावर एवढं बोलावं लागतं. एकशे एक यंत्रं सांगून झाल्यावर सुश्रुत हातालाच त्यांत प्रधान मानतो. फिजिकच्या कडीने 'किती' हा प्रश्न डॉक्टरच्या हातातून काढून घेतला. तो प्रश्न गेला, आणि 'कापायचं का?' हाही त्याच्याबरोबर गेला असावा, असं मला वाटतं. आमच्या धंद्यात एका क्लिकवर डिप्लॉय करायची सोय झाली की लोक शुक्रवारी संध्याकाळीही डिप्लॉय करतात, तसंच.

पुरावा १९३४चा, न्यूयॉर्कचा. शाळेतली अकरा वर्षांची १००० मुलं तपासली. ६११ जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेली ३८९ मुलं डॉक्टरांना दाखवली. त्यांनी १७४ जणांना शस्त्रक्रिया सुचवली. 'गरज नाही' ठरलेली २१५ मुलं दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवली. ९९ जणांना सुचवली. राहिलेली ११६ तिसऱ्यांकडे गेली, आणखी ५१. दर वेळी जवळपास निम्मी. शेवटी ६५ मुलं अशी उरली, ज्यांना कुणीच कापायला सांगितलं नव्हतं. मी हे आकडे दोनदा ताडून पाहिले. डॉक्टर मुलांचा घसा बघत होते, पण निकाल सवयीने देत होते.

हे सगळं बाबांना सांगत होतो तेव्हाच मीरा रोडहून ताईचा फोन आला. भाचीचा घसा पुन्हा धरलाय. दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन करून घेऊ, आणि छोट्याचंही एकदमच उरकून टाकू.

बाबा ताईवर सहसा आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी चढवला.

ताईच्या डॉक्टरांनी मात्र तारीख दिली नाही, उलट हिशेब मागितला: वर्षात किती वेळा? पिट्सबर्गच्या जॅक पॅराडाइझ यांच्या १९८४च्या अभ्यासातला निकष असा होता: एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं पाच-पाच, किंवा तीन वर्षं तीन-तीन वेळा घसा बिघडलेला असावा. ताई म्हणाली, "दर महिन्याला असतंच की." मी केमिस्टची बिलं आणि शाळेला केलेले गैरहजेरीचे मेसेज गोळा करून शीट बनवली. गेल्या बारा महिन्यांत भाची चार, छोटा एक.

ऑपरेशन पुढे ढकललं. शीट ताईकडेच आहे. परवा तिने एक ओळ वाढवली. भाची, पाच.