यिद्दिश आणि बेने इस्राएलांची मराठी

यिद्दिश भाषेची लिपी थोड्या दिवसांत वाचता येऊ लागते, आणि जर्मन जाणणाऱ्यास तिचे व्याकरणही जड जात नाही. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. सुमारे हजार वर्षांपूर्वी ऱ्हाईन नदीकाठच्या यहुद्यांत जन्मलेली ही भाषा पुढे पूर्व युरोपात वाढली. तिचा सांगाडा जर्मन, लिपी हिब्रू, आणि आजा-आजींना हाक मारण्याचे शब्द स्लाव. जर्मन शब्द उच्चाराप्रमाणे लिहावयाचे. हिब्रूतून आलेले मात्र मूळ हिब्रू वळणानेच लिहून वाचताना उच्चार यिद्दिश करावयाचा. तत्सम शब्दांचे ऱ्हस्वदीर्घ आमच्या विद्यार्थ्यांना छळतात, त्यातलाच हा प्रकार! पण शब्दांची निवड याहूनही अवघड. ‘पुस्तक’ या अर्थी कोशात दोन शब्द सापडतात, ‘बुख’ आणि ‘सेयफर’. कादंबरीस ‘सेयफर’ म्हटले तर ऐकणारा हसेल, कारण तो शब्द धर्मग्रंथासाठी राखलेला आहे. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीस आपण पोथी म्हणू काय?

तेव्हा दुसऱ्या पायरीवरच्या विद्यार्थ्यास व्याकरण बाजूस ठेवून घरदार, सणवार शिकावे लागतात. दुर्दैव असे की, ज्या घरांत ती भाषा नांदत होती तीच बहुतेक उरली नाहीत. दुसऱ्या महायुद्धापूर्वी यिद्दिश बोलणारे एक कोटीहून अधिक होते; हिटलरशाहीने मारलेल्या साठ लाख यहुद्यांतील बहुसंख्य याच भाषेचे. 1925 साली विल्ना येथे स्थापन झालेल्या ‘यिवो’ या संशोधन संस्थेचे मुख्य ठाणे 1940 मध्ये न्यूयॉर्कला हलले. आयझॅक बाशेविस सिंगर यांना 1978 साली नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा जगाने या भाषेकडे पुन्हा पाहिले; मात्र हासिदी पंथाच्या घरांतून मुले ती आजही बोलतात.

नागापुरास बसून असा अभ्यास करू पाहणाऱ्या आम्हांस शेजारी यिद्दिशभाषी घर कोठून मिळणार? परंतु यहुदी घर कसे बोलते हे पाहण्यास युरोपात जाण्याचे कारण नाही. कोकणपट्टीतील बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आले. तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. किहीमवरून किहीमकर, राजपुरीवरून राजपूरकर अशी त्यांची आडनावेही आपल्यासारखीच गावांवरून पडली.

त्यांची मराठी देवनागरीत लिहिली जाई आणि तिचे व्याकरण शेजाऱ्यांहून फारसे निराळे नव्हते. एवढ्यावरून ‘यांना स्वतःची यहुदी भाषा नव्हती’ असे काही पंडित म्हणतात. हे मोजमाप यिद्दिशवरून घेतलेले आहे आणि ते आम्हांस मान्य नाही. ‘बुख’ आणि ‘सेयफर’ यांतला भेद तरी लिपीने कोठे होतो? दोन्ही शब्दांची अक्षरे हिब्रूच.

हिब्रूची ओळखही त्यांच्यापैकी कित्येकांनी मराठीतूनच करून घेतली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 साली हिब्रूचे व्याकरण मराठीत रचले. मिशनऱ्यांच्या शाळांत बेने इस्राएल मुले उत्साहाने शिकली. ख्रिस्ती मात्र फारच थोडी झाली. शिक्षकांचा हेतू एक, विद्यार्थ्यांनी साधला दुसरा! पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. 1874 साली पुण्यात मराठी भाषांतरासह सचित्र हग्गादा छापला गेला. वल्हांडणाच्या रात्री घरोघर वाचावयाचा हा ग्रंथ. त्याच्या चित्रांत सणाची तयारी करणाऱ्या स्त्रिया साड्या नेसलेल्या आहेत. मिसर देशातून सुटकेची कथा अशी मराठी घरात येऊन बसली. 1880 च्या सुमारास तर त्यांनी कीर्तनही आपलेसे केले, आणि हरिदासी थाटात जुन्या करारातील आख्याने लावली.

1948 नंतर यांतील बहुतेक कुटुंबे इस्राएलास गेली. तेथे हिब्रू हीच राज्यकारभाराची व शाळेची भाषा. यिद्दिशचीही त्या देशात प्रारंभी उपेक्षाच झाली. तरी बेने इस्राएलांनी तेथे मराठी नियतकालिक काढले आणि त्याचे नाव ठेवले ‘मायबोली’.