त्र्याहत्तरचा उन्हाळा



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. कारण तसं छोटंच आहे. दर उन्हाळ्यात मी गाद्या, चादरी, पांघरुणं गच्चीवर ऊन द्यायला टाकते. यंदा सगळ्यांत खालची जुनी वाकळ (आमच्या सोलापूरकडे गोधडीला वाकळ म्हणतात) उचलली, तर एका कडेची शिवण उसवलेली. सूनबाई म्हणाली, "आई, ही आता टाकून देऊया का?" मी नको म्हटलं आणि सुईदोरा घेऊन बसले. शिवता शिवता आतले थर दिसायला लागले आणि सगळी दुपार त्यातच गेली.

ही वाकळ माझ्या आईने 1973 च्या उन्हाळ्यात शिवली. म्हणजे ज्याला सगळे 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणतात, त्या दुष्काळात. मी तेहतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. वर्गात कधी या दुष्काळाचा विषय निघालाच, तर मी सांगायची : पाऊस पडला नाही, सरकारने कामं काढली, लोक जगले. तीन वाक्यांत विषय संपायचा. चुकीचं काही सांगत नव्हते, पण बरंच राहून जात होतं. ते राहिलेलं आज लिहिते.

आधी थोडी पार्श्वभूमी, नातवंडांसाठी. 1970 आणि 1971 सालीही आमच्या भागात पाऊस बेताचाच झाला होता. 1972 मध्ये तर त्याने पार पाठ फिरवली. सोलापूर, नगर, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद, सांगली, पुणे, नाशिक या जिल्ह्यांतल्या मोठ्या भागात पीक हाती लागलं नाही. तेव्हा वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. गावोगाव दुष्काळी कामं निघाली : पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, आणि रस्त्यांसाठी खडी फोडणं. मे 1973 मध्ये या कामांवर राज्यात सुमारे 50 लाख माणसं होती. त्यांत बायका फार मोठ्या संख्येने होत्या. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, मिलो. याच अनुभवातून पुढे वि. स. पागे यांच्या विचारातली रोजगार हमी योजना उभी राहिली. 1977 मध्ये तिचा कायदा झाला, 1979 पासून तो अमलात आला आणि 2005 मध्ये देशभराचा रोजगार हमीचा कायदा झाला तेव्हा महाराष्ट्राच्या या अनुभवाचा आधार होता. हे सगळं खरं आहे आणि अभिमान वाटावा असंच आहे.

आता आमच्या घरातलं सांगते.

आमचं गाव बार्शी तालुक्यात. अण्णा प्राथमिक शाळेत गुरुजी. मी बी.ए.ची शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन एप्रिलमध्ये घरी आले, तेव्हा घरात आजी, अण्णा, आई, दोघे धाकटे भाऊ, शिवाय पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली ताई. आठ दिवसांनी आत्या तिच्या दोन मुलांना घेऊन आली, कारण तिच्या गावात प्यायलासुद्धा पाणी उरलं नव्हतं. अशी आम्ही दहा माणसं. मे महिन्यात ताईला मुलगा झाला आणि अकरा झालो.

गावची विहीर तळाला गेली होती. रात्री पाझर साठायचा, म्हणून आई दोन वाजता उठून नंबर लावायची. आत उतरलेला माणूस वाटीवाटीने घागर भरायचा. दोन घागरी मिळाल्या की उजाडायचं. त्या दोन घागरींचा जो हिशेब आई मनात करायची, तो मला बी.ए. होऊनही जमला नसता. बाळाला परातीत न्हाऊ घालायचं, ते पाणी सांडू द्यायचं नाही. त्याच पाण्यात दुपटी खळबळून काढायची, आणि उरलेलं सड्याला. भांडी कोरड्या राखेने घासून फडक्याने लख्ख पुसायची. आम्ही तिघी अंगावरून ओलं फडकं फिरवायचो, तीच आंघोळ.

मिलोची भाकरी थापताना फाटायची. पिठाला चिकटपणाच नाही! पहिले काही दिवस तुकडे तुकडे होऊन ताटात पडायचे आणि धाकटा भाऊ रुसायचा. मग आईने पिठात उकळतं पाणी घालून, थोडा वेळ झाकून, मग मळायला सुरुवात केली. भाकरी गोल झाली. चव मात्र मिलोचीच. बाळंतिणीला डिंक, खारीक, खोबरं कुठून आणायचं? आईने मूठभर अळीव मिळवले, आणि बाकी हुलग्याचं माडगं. ताई अजून म्हणते, तसं माडगं पुन्हा कधी प्यायले नाही.

उन्हाळा म्हटलं की वाळवण. कुरडयांना गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं. त्या वर्षी गहूही नव्हता आणि बदलायला पाणीही. पण कोरडं अंगण आईला बघवेना. तिने मिलोचंच पीठ शिजवून त्याच्या पापड्या घातल्या. विटेसारख्या लाल. कावळे राखायला आम्हां मुलांना बसवलं. पुढे पावसाळ्यात कोरड्यासाला काही नसलं की त्या भाजून भाकरीबरोबर खाल्ल्या.

त्याच सुमारास मुंबईत बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरत होत्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांची नावं अण्णांच्या शिळ्या वर्तमानपत्रातून आमच्यापर्यंत यायची. अण्णांनी बातमी मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा आई म्हणाली, "त्यांचं बरोबर आहे. पण आपल्याकडं लाटायला कणीक तरी असू दे आधी!"

शेजारच्या मावशी खडी फोडायला जायच्या. आईलाही जायचं होतं. एका महिन्यात अण्णांचा पगार फार लांबला, तेव्हा ती तसं बोलली. आजी म्हणाली, "गुरुजींची बायको खडी फोडणार? लोक काय म्हणतील?" आणि अण्णा गप्प बसले. विषय संपला. मग आईने दुसरंच केलं. मावशींचं दोन वर्षांचं पोर ती दिवसभर आपल्याकडे ठेवू लागली. मावशी संध्याकाळी त्याला न्यायला यायच्या, तेव्हा पदराच्या गाठीतून सुकडीचा वाटा काढून द्यायच्या. "लेकीला दे. ओली बाळंतीण आहे."

ही गोष्ट मला पूर्वी नुसती चांगुलपणाची वाटायची. आता वाटतं, तो एक व्यवहारही होता, दोघींना कळलेला. मावशींचं नाव मस्टरवर होतं. पण आईने पोर सांभाळलं नसतं तर त्या कामावर कशा जाणार होत्या? मोजून दिलेल्या प्रत्येक ब्रास खडीमागे कोणाच्या तरी घरातली एखादी आई, आजी, थोरली मुलगी उभी होती. तिचं नाव कुठल्याच मस्टरवर नव्हतं. आणि मावशींचं तर दोन्हीकडे काम. दिवसभर खडी, परत आल्यावर पाणी आणि चूल. आमच्याकडे उशिरा का होईना, पगार यायचा. त्यांच्याकडे तोही नाही. त्यामुळे आमचे हाल मोठे होते असं मी म्हणणार नाही.

दुपारी सगळे आडवे झाले की आई वाकळ शिवायला बसायची. बाळासाठी एक लहान आणि ही एक मोठी. उसवलेल्या कडेतून मी परवा एकेक थर ओळखला. वरून आजीचं लुगडं. खाली अण्णांच्या धोतराचा मधला भाग (काठाकडचा भाग बाळाच्या लंगोटांना गेला होता). भावाच्या खाकी चड्डीचा तुकडा. आणि सगळ्यांत आत जाड पांढरट कापड, त्यावर एकमेकांत धरलेल्या दोन हातांचं पुसट चित्र. शाळेत मुलांच्या खाण्यासाठी परदेशी मदतीचं धान्य यायचं, त्या पोत्याचं कापड. रिकामी पोती विकून पैसे सरकारजमा करावे लागत. अण्णा त्या बाबतीत इतके काटेकोर, की आईने त्यांच्याकडून ते पोतं पन्नास पैसे देऊन, पावती करून विकत घेतलं! नवऱ्याकडून पावती घेणारी गावातली ती पहिली बाई असावी.

पावतीवरून आठवलं. मार्च 1971 मध्ये जनगणना झाली. गुरुजी म्हणून अण्णांना ती ड्यूटी होतीच. आमच्या घराची पत्रकं ते रात्री कंदिलाच्या उजेडात भरत होते. आई समोर बसून सूप घेऊन जोंधळे पाखडत होती. अण्णा एकेकाचं वाचत गेले. आईपाशी आल्यावर म्हणाले, "काम करीत नाही. घरकाम." आईने सूप खाली ठेवलं. "मग आता उठू नको का मी?" सगळे हसलो. अण्णाही हसले आणि त्यांनी तसंच लिहिलं.

त्यांची चूक नव्हती. नियमच तसा होता. ज्यांचं मुख्य काम घरकाम, ते 'काम न करणाऱ्यां'त. त्याच गटात विद्यार्थी, निवृत्त, परावलंबी आणि भिकारी. 1981 मध्ये मी स्वतः शिक्षिका झाले होते आणि तीच ड्यूटी माझ्याकडे आली. दारोदार विचारायची, "तुम्ही काय करता?" चुलीपुढून, जात्यापुढून, धुण्यावरून उत्तर यायचं, "काही नाही, घरीच असते." आणि मी लिहून पुढच्या दाराला जायची. 1991 ला प्रश्नात सुधारणा झाली. शेतात किंवा घरच्या धंद्यात बिनमोबदला राबणं हेही काम, असं त्यात स्पष्ट आलं. पण पाणी, चूल, बाळंतपण, वाकळ बाहेरच राहिली. मीही पुन्हा तसंच लिहिलं. एकदाही माझ्या डोळ्यांपुढे आईचं सूप आलं नाही, याचं आज वाईट वाटतं.

2019 मध्ये सरकारने वेळेच्या वापराची देशव्यापी पाहणी केली. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ त्यांत जातो आणि अशी कामं करणाऱ्या पुरुषांचा 97, असं त्यात निघालं. निदान मिनिटं तरी मोजली, याचा आनंद झाला. त्र्याहत्तरमध्ये आईची कोणी मोजली असती, तर रात्री दोनपासून सुरुवात करावी लागली असती.

हे वाचून कोणी म्हणेल, किती काटकसरी, किती गुणी बाई! मीही बरीच वर्षं असंच म्हणायची. कार्यक्रमांतून आईच्या काटकसरीवर भाषणंसुद्धा केली आहेत. मग काही वर्षांपूर्वी ताई माझ्याकडे राहायला आली असताना सहज म्हणाली, "तुला आठवतं का गं, त्या उन्हाळ्यात आईचे उपास किती वाढले होते?" आठवत होतं. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी. आम्ही तिला चिडवायचो, पाऊस पडावा म्हणून देवाला लाच देतेस का? ताई म्हणाली, "पाऊस पडला, मिलो गेली, ज्वारी आली, आणि गुरुवार-शनिवार सुटले. सोमवार आणि एकादशी तेवढी राहिली. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

मी काही बोलू शकले नाही. अकरा माणसांत भाकरी पुरायची कशी, याचं उत्तर ते होतं. उपासाला साबुदाणा तरी कुठे होता घरात? ज्याला आम्ही काटकसर म्हणत होतो, तिच्यातला बराचसा भाग आईच्या ताटातून आला होता. 1973 चा पावसाळा चांगला झाला, पण तिच्या तब्येतीने तो उन्हाळा बरीच वर्षं धरून ठेवला.

म्हणून काटकसरीचे धडे देताना मी आता जरा थांबते. कपड्याचं धोतर, धोतराचं दुपटं, दुपट्याचं फडकं करणं निराळं, आणि माणसाने स्वतःला कमी वाढून घेणं निराळं. पहिलं मुलांना जरूर शिकवावं. दुसरं घरात चाललं आहे का, हे बाकीच्यांनी वेळीच बघावं.

2027 च्या जनगणनेची अधिसूचना 2025 मध्ये निघाली. मी काही आता कोणाच्या दारी जायची नाही. पण माझ्या दारी कोणी आलं आणि सुनेला विचारलं, "काय करता?" तर ती "काही नाही" म्हणणार नाही, एवढं मी तिला सांगून ठेवलं आहे. पत्रकात ते कुठे बसवायचं ते त्यांचं त्यांनी बघावं.

असो. वाकळीची कड शिवून झाली आहे. माझे टाके आईसारखे बारीक नाहीत, ओळखू येतात. भाच्या, तू हे वाचतोस हे मला माहीत आहे. तुझी लहान वाकळ तू अंथरून, ओढून, फाडून कधीच संपवलीस. ही मोठी तुझ्याच वेळची आहे. दिवाळीला येशील तेव्हा घेऊन जा. आणि येताना ताईला विचारून ये, माडग्यात आई नक्की काय काय घालायची. माझ्या आठवणीत आलं-लसूण आहे, पण अजून काहीतरी होतं.