विठ्ठलाचा दवणा

चैत्र शुद्ध एकादशीला पंढरपुरात चैत्री वारी भरते. दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, विष्णूला दवणा वाहावा, असं ‘धर्मसिंधु’ सांगतो. हा ग्रंथ काशीनाथशास्त्री उपाध्याय, म्हणजे बाबा पाध्ये, यांनी १७९०च्या सुमारास पुरा केला. त्यांचं वास्तव्य पंढरपूरचं, भक्ती विठ्ठलावर. म्हणून ही चाल मूळची पंढरपूरचीच म्हणण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. दवणा वाहण्याचा हा दमनोत्सव कमलाकरभट्टांनी काशीत १६१२ साली ‘निर्णयसिंधू’त नोंदवला होता आणि बाबा पाध्यांची भिस्त त्या ग्रंथावर आहे. शास्त्र्यांनी लिहिलेला विधी हा गावात प्रत्यक्ष घडत होता याचा पुरावा ठरत नाही.

दवणा हातभर उंचीचा. बारीक करडी-हिरवी पानं, इवलीशी पिवळी फुलं, आणि पानाफुलांना सारखाच घमघमाट. देवाला वाहायचा तो आदल्या रात्रीच पुजून ठेवतात. या पूजेतली खरी मौज ही, की ती विष्णूची नसून कामदेवाची आणि रतीची आहे. ‘निर्णयसिंधू’तल्या मंत्रात दवण्याला कामाच्या राखेतून उगवलेला, रतीच्या आसवांनी भिजलेला म्हटलं आहे. अग्निपुराण वेगळंच सांगतं: शिवाच्या कोपातून भैरव जन्मला, त्याने देवांनाही नमवलं, म्हणून ‘झाड हो’ असा शाप त्याला मिळाला.

दोन जन्मकथा एकमेकींशी जुळत नाहीत. माझ्या मते त्या आधीपासून चालत आलेल्या चालीला मागाहून जोडल्या गेल्या. ती चाल वसंतातल्या मदनोत्सवाची असावी. सातव्या शतकातल्या हर्षाच्या ‘रत्नावली’त राणी वासवदत्ता अशोकाखाली मदनाची पूजा करते. पुढे मदनाचा स्वतंत्र उत्सव मागे पडला, पण त्याचं रोप विष्णू-शिवाच्या पूजेत टिकलं, आणि आदल्या रात्रीच्या पूजेत त्याचं नावही. हा तर्क आहे. पण त्या रात्रीच्या पूजेचा याहून सरळ उलगडा मला दिसत नाही.

लोकांनी मात्र पोथीची वाट पाहिलेली नाही. कोल्हापूरजवळ वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर चैत्र पौर्णिमेला जोतिबाला गुलाल-खोबऱ्याबरोबर दवणा वाहतात.

पंढरपुरात दवणा प्रत्यक्ष वाहिला जात होता का, याचा निकाल पोथ्यांनी लागणार नाही, तो जमाखर्चाच्या वह्यांनी लागेल. ज्यांच्या घरी देवाच्या खर्चाचे जुने मोडी कागद असतील, त्यांनी चैत्र शुद्ध द्वादशीची पानं जरूर वाचून घ्यावीत.