जयपूर फूट: अनवाणी चालणारा कृत्रिम पाय

१९६०च्या दशकात जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयातले अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या एक गोष्ट लक्षात आली. कृत्रिम पाय बसवून घरी गेलेले रुग्ण काही काळाने पुन्हा कुबड्या घेऊन चालू लागत. चांगला धडधाकट पाय घरात नुसता पडून राही.

तो पाय पाश्चात्त्य बनावटीचा होता. पावलात लाकडाचा ताठ गाभा आणि घोटा जखडलेला. बूट घालून सपाट फरशीवर वावरणाऱ्याचे त्यावर भागत असे. पण उकिडवे बसायचे तर नडगी पावलावर पुढे झुकावी लागते; मांडी घालताना पाऊल आत वळावे लागते; शेताच्या बांधावर तळवा उंचसखल जमिनीप्रमाणे कलावा लागतो. यातले काहीच त्या पायाला जमत नव्हते. शिवाय बूट घालून चिखलात उतरणार कसे आणि देवळात जाणार कसे?

त्यावर तोड काढली मास्टरजी रामचंद्र शर्मा यांनी. औपचारिक शिक्षण जेमतेम, पण हातात कसब. रुग्णालयात ते रुग्णांना हस्तकला शिकवत. टायर रिमोल्ड करणाऱ्याच्या दुकानात त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात.

१९६८च्या सुमारास आकाराला आलेल्या या पावलाची रचना साधी आहे. टाच आणि चवडा हलक्या, सच्छिद्र रबराचे, घोट्याच्या जागी लाकडी ठोकळा. त्यांच्याभोवती टायरमधले धाग्याचे रबर आणि वर कातडीच्या रंगाचे रबर गुंडाळायचे, साच्यात घालायचे आणि तापवून एकजीव करायचे. आत सलग ताठ गाभा नसल्यामुळे पाऊल सगळ्या बाजूंना लवते. बोटांसकट हुबेहूब पावलासारखे दिसते आणि पाण्याने बिघडत नाही.

१९७५मध्ये डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि हा पाय गरिबांना मोफत मिळू लागला. १९८१मध्ये डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अपघातात पाय गमावलेल्या मुंबईच्या भरतनाट्यम नर्तिका सुधा चंद्रन १९८४मध्ये जयपूर फूटवर पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. या नृत्यात जमिनीवर उघड्या पावलाचा आघात करावा लागतो, हे ध्यानात घेतले की त्या घटनेचे मोल कळते.

गुडघ्यावरून पाय गेलेल्यांची अडचण मात्र वेगळी होती. एकाच आसावर फिरणारा स्वस्त गुडघा खडबडीत वाटेवर अचानक दुमडून माणसाला पाडत असे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी समितीबरोबर काम करून, तेल मुरवलेल्या नायलॉनपासून अनेक आसांचा स्वस्त गुडघा तयार केला. पाय टेकताना तो स्थिर राहतो आणि पाऊल उचलताना सहज वाकतो. २००९मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने वर्षातल्या उत्तम शोधांच्या यादीत त्याला स्थान दिले.