दारू सोडणाऱ्यांना पत्ता मिळाला तेव्हा

मे 1935. अमेरिकेच्या ओहायो राज्यातले अ‍ॅक्रन हे टायरच्या कारखान्यांचे शहर. तिथल्या मेफ्लॉवर हॉटेलात न्यूयॉर्कहून आलेला बिल विल्सन हा शेअरबाजारातला माणूस अडकून पडला होता. एका कंपनीच्या ताब्यासाठी चाललेली लढाई हातची गेली होती, खिशात फारसे काही उरले नव्हते आणि दारू सोडून जेमतेम पाच महिने झाले होते. लॉबीच्या एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. त्याने यादीतल्या एका धर्मगुरूला फोन लावला, त्यांच्याकडून आणखी नावे मिळवली आणि विचारत विचारत हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोचला. त्यांनी डॉ. बॉब स्मिथ या दारूने पोखरलेल्या सर्जनशी त्याची गाठ घालून दिली. पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही, या अटीवर आलेले डॉक्टर काही तास बसले. 10 जून 1935 हा त्यांच्या शेवटच्या घोटाचा दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, म्हणजे एएचा, स्थापनादिन मानला जातो. ही कथा बहुधा दैवी योगायोग म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात दिसते ती वणवण: एका बेवड्याला दुसरा बेवडा हवा होता आणि कुठे शोधायचा ते ठाऊक नव्हते. ही वणवण संपवणे, ठरलेल्या वारी ठरलेल्या जागी कोणालाही सापडेल अशी बैठक उभी करणे, हेच एएचे खरे कर्तृत्व, असे माझे म्हणणे आहे.

बाकीचे बरेचसे उसने होते. चुकांची कबुली, नुकसानभरपाई, प्रार्थना हे ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीकडून आले. पिणाऱ्यांनीच पिणाऱ्यांना सावरायचे, ही कल्पना तर त्याहून जुनी. एप्रिल 1840 मध्ये बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात बसलेल्या सहा जणांनी दारू सोडण्याची शपथ घेतली आणि वॉशिंग्टोनियन चळवळ सुरू केली. ती इतकी फोफावली की 1842 मध्ये स्प्रिंगफील्डला तिच्या व्यासपीठावरून तरुण अब्राहम लिंकन बोलले. पण सभा झाल्या जंगी, वक्ते झाले प्रसिद्ध, दारूबंदीच्या राजकारणाने मंच काबीज केला आणि दशक सरता सरता चळवळ जवळपास दिसेनाशी झाली. हजारोंच्या सभेत टाळ्या पडतात. पण पुढच्या मंगळवारी घसा कोरडा पडला तर जायचे कुठे, याचे उत्तर तिथे मिळत नाही.

एएलाही ते लगेच सापडले नाही. पहिली चार वर्षे नवा माणूस आणला जाई, स्वतःहून येत नसे. क्लीव्हलंडची मंडळी दर आठवड्याला गाडी काढून अ‍ॅक्रनला जात. मे 1939 मध्ये त्यांनी आपल्या गावात वेगळी बैठक सुरू केली आणि तिला एएचे नाव दिले. त्याच वर्षी निघालेल्या एएच्या पुस्तकात न्यूयॉर्कचा पोस्टबॉक्स छापला होता. मार्च 1941 मध्ये ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’ या नियतकालिकात एएवर लेख आला, त्या पत्त्यावर पत्रांचा पाऊस पडला आणि वर्षभरात सदस्य सुमारे 2,000 वरून 8,000 वर गेले. मग 1946 मध्ये बारा परंपरा, म्हणजे गटांनी पाळायची तत्त्वे, लिहिल्या गेल्या. त्यांना अध्यात्म म्हणून वाचतात. मी त्या घर चालवण्याचे नियम म्हणून वाचतो. भाडे आपल्याच वर्गणीतून भरायचे, म्हणजे देणगीदाराच्या लहरीवर खोली जाणार नाही. राजकारणावर मत द्यायचे नाही, म्हणजे वॉशिंग्टोनियनांसारखी गत होणार नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच प्रवेशाची अट.

एएवर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. सगळ्यांत जुना आक्षेप देवाचा. क्लीव्हलंडची फारकत याच प्रश्नावरून झाली. ऑक्सफर्ड ग्रुपची धर्मपद्धत कॅथलिक सदस्यांना अडचणीची होती. आजही नास्तिकाला ती भाषा खुपते, आणि ‘आपापल्या समजुतीचा देव’ ही पळवाट सगळ्यांना पुरत नाही. दार सर्वांना उघडे होते असेही नाही: सुरुवातीला स्त्रियांना घ्यायला खळखळ झाली, कृष्णवर्णीयांना वेगळे गट काढावे लागले. तिसरा आक्षेप पुराव्याचा: निनावी लोकांची मोजदाद कशी करणार? पण वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2020 च्या आढाव्यात 27 अभ्यास आणि दहा हजारांवर माणसे होती. दारूपासून पूर्ण दूर राहण्यात एएशी जोडून देणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. पिण्याचे प्रमाण वगैरे बाकी बाबतींत साधारण बरोबरीचे. एएशी जोडणाऱ्या या उपचारांत समुपदेशकाचे मुख्य काम असते ते रुग्णाला मीटिंगपर्यंत पोचवण्याचे. देवाची भाषा कितीही खटको, जागा दाखवून देणे कामी येते, एवढे यातून नक्की दिसते.

भारतात एए 1957 मध्ये दिल्लीत सुरू झाले. तेव्हा इकडे मुंबई राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा लागू होता. परवान्याशिवाय प्यालेल्या माणसाने चारचौघांत ‘मी पितो’ म्हणणे म्हणजे गुन्हा कबूल करणे. नाव न विचारणाऱ्या खोलीची किंमत इथे अमेरिकेपेक्षा जास्त होती. पुढे 1986 मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. उपचार संपल्यावरही पाठपुराव्याच्या बैठका आणि रुग्णांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट चालू ठेवण्यामागे ठरलेली जागा हवी, हीच समज आहे.

शोधणाऱ्यांसाठी: एएच्या खुल्या मीटिंगला नातेवाइकांसह कोणीही बसू शकते, बंद मीटिंग फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांची असते. फी नाही, नोंदणी नाही. जागा अधूनमधून बदलतात, तेव्हा निघण्याआधी एएच्या हेल्पलाइनवर वार, वेळ आणि खोली विचारून घ्या.