सुकल्या फुलांचा मान

सुरंगी हा कोकणापासून कर्नाटकाच्या किनाऱ्यापर्यंत वाढणारा सदाहरित वृक्ष. वनस्पतिशास्त्रात त्याला मॅमिया सुरिगा म्हणतात. उंडी त्याच्याच कुळातली. मिठबाव, मालवण, वेंगुर्ले या किनारपट्टीत शिमग्याच्या आगेमागे त्याला बहर येतो. फुले कोवळ्या शेंड्यांवर न येता जुन्या, निबर फांद्यांच्या अंगालाच झुबक्यांनी लगडतात. पांढऱ्या पाकळ्यांच्या आत पिवळ्याधमक केसरांचा दाट गोंडा असतो. उन्हे चढली की कळी उमलून जाते, म्हणून तोडणी भल्या पहाटे करावी लागते. माणूस फांदीवर चढतो, खाली चादर अंथरलेली असते, आणि मधमाश्यांनी झाड घुमायला लागण्याआधी काम उरकते.

वळेसार, म्हणजे गजरे, विणण्यापुरती फुले ताजी विकली जातात, पण सुरंगीचा खरा व्यापार सुकल्या कळीचा. वेंगुर्ले तालुक्यातल्या आसोली, आरवली या गावांना या व्यापाराने नाव मिळवून दिले. उन्हात वाळवलेली कळी तांबूस पडते, आक्रसते, वजनाला हलकी होते. वास मात्र टिकतो. अत्तर-अगरबत्तीवाले ती विकत घेतात. औषधी बाजारात तिला तांबडे नागकेशर म्हणतात (खरे नागकेशर वेगळ्याच झाडाचे) आणि पूर्वी ती रेशीम रंगवायलाही वापरत. गजऱ्याच्या इतर फुलांना संध्याकाळनंतर गिऱ्हाईक नसते. सुरंगीला मोल येते ते कोमेजल्यानंतर.

घरगुती वापरात हाच मान बकुळीचा, म्हणजे ओवळांचा. झाडाखाली सडा पडतो, फुले वेचूनच घेतात. वाळून तपकिरी झालेले सर लुगड्यांच्या घडीत आणि पोथीच्या पानांत वर्षानुवर्षे राहत.

देवळात फुलाचे गळणेही वाया जात नसे. कोकणातल्या ग्रामदैवतांपुढे कौल लावताना गुरव ओल्या कळ्या, पाकळ्या किंवा तांदूळ पाषाणाला चिकटवतो आणि गाऱ्हाणे घालतो. ते सुकत जातात तशी पकड सुटते; उजवीकडचे आधी पडले की साधारणपणे देवाचा होकार समजतात. लग्न, घर, जमिनीचा तंटा अशा गोष्टींवर गावाने पिढ्यान्‌पिढ्या असे निर्णय घेतले. आदल्या दिवशीची फुले निर्माल्य झाली तरी पायदळी येऊ द्यायची नाहीत, पाण्यात किंवा झाडाच्या मुळाशी सोडायची, हा दंडक तर सगळीकडचाच.

माणसाच्या बाबतीत मात्र ही उदारता नव्हती, आणि ती नसण्याचा वयाशी संबंध फारसा नव्हता. पिकल्या केसांची सवाष्ण अंबाड्यात फूल माळून हळदीकुंकवाला मानाने जाई. अहेव मरण आले तर वेणी-गजरा घालून तिला निरोप मिळे. पंधरा वर्षांच्या विधवेला तेच फूल वर्ज्य. ज्या जातींत केशवपनाची चाल होती, तिथे फूल माळायला केसच ठेवले जात नसत. विधवाविवाहाला कायद्याने मान्यता 1856 साली मिळाली, तरी 1893 साली धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केले तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातल्या त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले. केशवपन पुढे नाहीसे झाले. फुलाची बंदी कुणी लिहून ठेवलेली नव्हती, त्यामुळे ती मोडायलाही कायदा पुरला नाही.

4 मे 2022 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी हेरवाडचे अनुकरण करावे असे सुचवले. त्या परिपत्रकात सक्ती नाही. ठराव घ्यायचा की नाही हे ग्रामसभेने ठरवायचे, आणि हळदीकुंकवाच्या तबकातले फूल कुणापुढे धरायचे हे अजूनही घरची बाईच ठरवते.